एकाखाली एक दोन लूप: एका कृषी त्रैमासिकाच्या संकेतस्थळाचं प्रकरण

संकेतस्थळ एका कृषी त्रैमासिकाचं. वर्डप्रेसवर चालणारं, अपाचे सर्व्हरच्या साध्या होस्टिंगवर ठेवलेलं, वाचक बहुतेक मोबाइलवरचे. त्रैमासिक छापलं जातं आणि लेखाखाली क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की त्या लेखाची सविस्तर आवृत्ती उघडते: फवारणीचे तक्ते, मातीपरीक्षणाचे आकडे, रोगट पानांची छायाचित्रं. खरीप अंकाच्या तोंडावर गर्दी वाढणार म्हणून सर्व्हरच्या पुढे सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती साठवून वाचकांना पुरवणारं मधलं जाळं, बसवलं गेलं. डीएनएसमधला, म्हणजे नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतला, बदल पसरू लागला आणि संध्याकाळपर्यंत एकही पान उघडेना. क्रोमवर 'एरर टू मेनी रिडायरेक्ट्स', फायरफॉक्सवर पान नीट रिडायरेक्ट होत नसल्याची सूचना.

लूप म्हणजे वाचकाला एका पत्त्यावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रिडायरेक्टची न संपणारी साखळी; तिच्यातलं प्रत्येक वळण म्हणजे एक उडी. या प्रकरणात लूप एक नव्हता, दोन होते. पहिला अगदी नेहमीचा, पण त्याच्या आड दुसरा लपलेला होता आणि तो देवनागरीसारख्या बिगर-इंग्रजी लिपीतले पत्ते असलेल्या संकेतस्थळांवर सापडेल असा. दोन्ही ठिकाणी चुकीचा असा एकही नियम नव्हता. एका यंत्रणेचा नियम तिच्या जागी बरोबर, दुसरीचा तिच्या जागी बरोबर, आणि दोघी मिळून वाचकाला एकमेकींकडे पाठवत राहिलेल्या. म्हणून लूप दिसला की "काय बिघडलं?" यापेक्षा "ही उडी कोण मारायला लावतंय?" हा प्रश्न आधी विचारावा असं माझं ठाम मत आहे. या प्रकरणात तोच प्रश्न दोनदा कामी आला.

आधी ब्राउझर बाजूला ठेवला

त्रैमासिकाच्या मंडळींनी तोवर कुकीज पुसून पाहिल्या होत्या आणि काही प्लगइन्स बंद करून पाहण्याची तयारी चालवली होती. कुकीज पुसण्याचा सल्ला क्रोमचं त्रुटीचं पानच देतं आणि तो निराधार नाही. लॉगिनची कुकी नीट बसत नसेल तर लॉगिनचं पान आणि आतलं पान एकमेकांकडे ढकलत राहतात. पण ते तपासायला काही पुसावं लागत नाही. कर्ल हे कमांड लाइनवरचं साधन मुळात कुकीशिवायच विनंती पाठवतं. तिथेही लूप दिसला की ब्राउझरमध्ये साठलेल्या कुकीजचा विषय संपला.

ब्राउझर बाजूला ठेवण्याचं आणखी एक कारण होतं. या संकेतस्थळावर पूर्वीपासून एचएसटीएस चालू होतं, म्हणजे "यापुढे माझ्याकडे फक्त एचटीटीपीएसनेच या" हे ब्राउझरला आधीच सांगून ठेवलेलं. अशा वेळी साधा एचटीटीपी पत्ता टाकला की क्रोम सर्व्हरला न विचारता स्वतःच एचटीटीपीएसवर जातो आणि नेटवर्कच्या पॅनेलमध्ये ३०७ (तात्पुरत्या रिडायरेक्टचा क्रमांक) दाखवतो. हा ३०७ कुठल्याही सर्व्हरने दिलेला नसतो. माहीत नसलेला माणूस सर्व्हरच्या फाइलींमध्ये तो ३०७ शोधत बसतो. शिवाय ३०१ म्हणजे कायमचा बदल, म्हणून ब्राउझर तो लक्षात ठेवतात. आपण पाहतोय ते आत्ताचं उत्तर आहे की मघाचं, हे ब्राउझरमध्ये पटकन कळत नाही.

कर्लला रिडायरेक्टच्या मागे न धावता फक्त पहिल्या उत्तराचे हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी, छापायला सांगितलं. विनंती मात्र नेहमीच्या गेट पद्धतीचीच ठेवली. केवळ हेडर मागणाऱ्या हेड विनंतीला काही प्रणाली वेगळं उत्तर देतात आणि मग तपास भलतीकडे जातो. मुखपृष्ठाचं उत्तर असं आलं:

एचटीटीपी/२ ३०१
लोकेशन: एचटीटीपीएस://(त्रैमासिकाचा पत्ता)/

विचारलेला पत्ताही अक्षरशः हाच होता. एचटीटीपीएसने विचारलं आणि उत्तर आलं की एचटीटीपीएसने विचारा.

यानंतर बोधचिन्हाच्या चित्राची फाइल मागितली. ती सर्व्हरवर प्रत्यक्ष ठेवलेली असल्यामुळे तिच्यासाठी वर्डप्रेस जागंच होत नाही. तिलाही तसाच ३०१ आला. वर्डप्रेस ५.१ पासून, म्हणजे २०१९ पासून, वर्डप्रेसने स्वतः केलेल्या रिडायरेक्टवर 'एक्स-रिडायरेक्ट-बाय' असा हेडर असतो आणि त्यात पाठवणाऱ्याचं नाव असतं. तो हेडर इथे कुठेच नव्हता. नुसत्या त्याच्या अनुपस्थितीवर मी निष्कर्ष काढला नसता, पण चित्रही वळतंय म्हटल्यावर वर्डप्रेस आणि त्याची सगळी प्लगइन्स संशयातून सुटली. प्लगइन्स बंद करण्याचं काम तिथेच थांबवलं.

मग सीडीएनला वगळून थेट मूळ सर्व्हरकडे गेलो. कर्लच्या 'रिझॉल्व्ह' पर्यायाने नाव तेच ठेवून आयपी पत्ता आपल्याला हवा तो देता येतो, डीएनएसला हात लावावा लागत नाही. मूळ सर्व्हरचं पोर्ट ४४३ (एचटीटीपीएसचं दार) म्हणालं २००, पान व्यवस्थित. पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) म्हणालं ३०१, एचटीटीपीएसवर जा. दोन्ही उत्तरं चोख. सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र चित्र उघड होतं: विनंत्या सगळ्या सीडीएनच्या आयपींवरून, सगळ्या पोर्ट ८० वर, आणि एकाच पत्त्याच्या वीस-एकवीस ओळी एकाच क्षणात.

हा वीसचा आकडा ओळखीचा आहे. १९९७ च्या एचटीटीपी/१.१ च्या पहिल्या मानक-दस्तऐवजात, आरएफसी २०६८ मध्ये, पाचपेक्षा जास्त वेळा आपोआप वळू नये अशी शिफारस होती. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये ती मर्यादा काढून टाकली. आज क्रोम आणि फायरफॉक्स २० उड्यांनंतर हात टेकतात, कर्लला मागे धावायला सांगितलं तर ते ५० पर्यंत जातं आणि गूगलचा क्रॉलर १० वर थांबतो. नोंदवहीत एकाच पत्त्याचा असा विशीतला गुच्छ दिसला की समोर ब्राउझरमध्ये अडकलेला माणूस आहे असं समजावं.

पहिला लूप

सीडीएन वाचकाशी एचटीटीपीएसने बोलत होतं, पण मूळ सर्व्हरकडे जाताना साध्या एचटीटीपीने, पोर्ट ८० वर जात होतं. या सेटिंगला 'फ्लेक्सिबल' म्हणतात. मूळ सर्व्हरवरच्या एचटीअॅक्सेस या अपाचेच्या नियमांच्या फाइलीत जुना नियम होता: विनंती एचटीटीपीएसची नसेल तर ३०१ देऊन एचटीटीपीएसवर पाठव. सर्व्हरला प्रत्येक विनंती साधीच दिसे. तो वाचकाला एचटीटीपीएसवर पाठवे, वाचक तिथूनच आलेला असे, सीडीएन पुन्हा पोर्ट ८० वर जाई. २०१८ च्या जुलैपासून क्रोमने साध्या एचटीटीपी पानांवर 'नॉट सिक्युअर' लिहायला सुरुवात केली आणि त्या सुमारास असंख्य संकेतस्थळांवर हा एचटीअॅक्सेसचा नियम चिकटवला गेला. त्यामुळे सीडीएन बसवताना हा लूप आजही सगळ्यात जास्त भेटतो.

उपाय तीन आहेत आणि त्यातले दोन मला मान्य नाहीत, जरी तिन्हींनी लूप थांबतो.

एचटीअॅक्सेसमधला नियम काढून टाकला की पान उघडतं, कुलपाचं चिन्हही दिसतं. पण सीडीएन ते मूळ सर्व्हर हा टप्पा उघडाच राहतो. संपादकांचा पासवर्ड त्या टप्प्यावर साध्या मजकुरात जातो आणि वाचकाला दिसणारं कुलूप अर्धं खोटं ठरतं. दुसरा उपाय म्हणजे सीडीएन पाठवतं तो 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर वाचून ठरवायचं की वाचक एचटीटीपीएसने आला होता का. वर्डप्रेसचं 'इज एसएसएल' फंक्शन हा हेडर पाहत नाही. ते फक्त 'एचटीटीपीएस' हे चल 'ऑन' किंवा १ आहे का, किंवा पोर्ट ४४३ आहे का, एवढंच बघतं. म्हणून वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत चार ओळी घालाव्या लागतात. लोड बॅलन्सरच्या मागे, बंद जाळ्यात बसलेल्या सर्व्हरसाठी हे योग्यच आहे. इथे मात्र मधला रस्ता सार्वजनिक इंटरनेटचा होता, तेव्हा या उपायानेही मजकूर उघडाच गेला असता.

तिसरा उपाय केला: सीडीएनची पद्धत 'फुल स्ट्रिक्ट' केली, म्हणजे मूळ सर्व्हरकडेही एचटीटीपीएसनेच जायचं आणि त्याचं प्रमाणपत्र तपासायचं. बटण दाबण्याआधी मूळ सर्व्हरचं प्रमाणपत्र वैध आहे, नाव जुळतंय आणि मुदत शिल्लक आहे हे पाहून घेतलं. नाहीतर लूप जाऊन त्याच्या जागी प्रमाणपत्राची त्रुटी उभी राहते.

मुदतीबद्दल थोडं सांगायला हवं. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं होतं, ९० दिवसांचं. नूतनीकरणाच्या वेळी त्यांची यंत्रणा पोर्ट ८० वरून एक ठराविक फाइल मागते आणि रिडायरेक्टच्या मागे १० उड्यांपर्यंत जाते. लूप चालू असता तर ही तपासणीही त्यातच फसली असती. मूळ सर्व्हरचं प्रमाणपत्र गुपचूप संपलं असतं आणि मग 'फुल स्ट्रिक्ट'चा रस्ताही बंद झाला असता. लूप मिटल्याबरोबर सर्टबॉट या प्रमाणपत्र मिळवणाऱ्या साधनाने नूतनीकरणाची कोरडी तालीम करून घेतली. ती पार पडली.

सीडीएनचा कॅशे, म्हणजे साठवलेल्या प्रती, रिकामा केला. मुखपृष्ठ उघडलं, अंकांची यादी उघडली, संपादकांचं लॉगिन चाललं.

उरलेली पानं

तासाभरात संपादकांचा निरोप आला: काही लेख अजूनही उघडत नाहीत, तीच त्रुटी. सोबत पत्त्यांची यादी होती. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द असलेले काही, एकात 'वाऱ्याचा', एकात 'खोऱ्यातील'. गंमत अशी की 'शेतकऱ्यांसाठी' असलेले इतर लेख व्यवस्थित उघडत होते.

माझा पहिला संशय पत्त्याच्या लांबीवर होता. वर्डप्रेस देवनागरी स्लग, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग, टक्केवारी चिन्हांच्या रूपात साठवतं. एक देवनागरी वर्ण म्हणजे ३ बाइट आणि प्रत्येक बाइट लिहायला ३ चिन्हं, म्हणजे वर्णामागे ९ चिन्हं. स्लगची मर्यादा २०० चिन्हांची, तेव्हा काना-मात्रा-अनुस्वार धरून जेमतेम २२ वर्ण मावतात आणि मराठी शीर्षक मधेच तुटतं. तुटलेल्या पत्त्यांमुळे इतर घोटाळे होतात खरे, पण या यादीत दोन शब्दांचे आखूड स्लगही होते. लांबीचा मुद्दा बाद झाला.

पुन्हा तोच प्रश्न: उडी कोण मारायला लावतंय? यावेळी एकेक उडी हाताने घेतली. पहिल्या उत्तरातला लोकेशन पत्ता जसाच्या तसा उचलून दुसरी विनंती, तिच्या उत्तरातला उचलून तिसरी. चित्र स्वच्छ झालं. एकाआड एक उत्तरावर 'एक्स-रिडायरेक्ट-बाय: वर्डप्रेस' होतं. मधल्या उत्तरांवर तो हेडर नव्हता, पीएचपीची कुठलीच खूण नव्हती आणि ती उत्तरं मूळ सर्व्हरच्या नोंदवहीत उमटतच नव्हती. म्हणजे ती सीडीएनच्या कडेवरूनच, वाचकाजवळच्या त्याच्या सर्व्हरवरूनच, परत येत होती. दोन बोलवते धनी सापडले.

पण दोघं पाठवत होते कुठे? ब्राउझरच्या पट्टीत पाहिलं तर दोन्ही पत्ते हुबेहूब एक. टर्मिनलमध्येही उलगडून छापले की एकच. कच्च्या, टक्केवारी चिन्हांच्या रूपात शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एक पत्ता दुसऱ्यापेक्षा ९ चिन्हांनी लांब निघाला. फरक नेमका ऱ च्या जागी होता. आखूड पत्त्यात तिथे तीन बाइट होते: ई० ए४ बी१. लांब पत्त्यात सहा: ई० ए४ बी० आणि मग ई० ए४ बीसी.

युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, स्वतंत्र वर्ण म्हणून, क्रमांक ०९३१. दोन, साधा र (०९३०) आणि त्याखाली नुक्ता (०९३सी). डोळ्यांना दोन्ही सारखेच आणि युनिकोडच्या नियमाने दोन्ही समतुल्यही. एनएफसी हे प्रमाणित रूप घेतलं की दोन्हींचा जोडलेला ०९३१ होतो, एनएफडी घेतलं की दोन्हींचे र आणि नुक्ता असे दोन तुकडे. (हिंदीतल्या ड़ आणि ढ़ यांचं उलट आहे. एनएफसी घेतल्यावरही ते तुटलेलेच राहतात, कारण युनिकोडने त्यांना जोडणीतून वगळलं आहे. तेव्हा हिंदीच्या अनुभवावरून मराठीबद्दल अंदाज बांधू नये.) सर्व्हरला समतुल्यता वगैरे काही ठाऊक नसते. त्याच्या लेखी हे दोन वेगळे पत्ते.

आता दोन्ही नियम पाहू. सीडीएन बसवताना कडेवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवली होती. एकाच लेखाच्या दोन प्रती कॅशेत साठू नयेत म्हणून ती प्रत्येक पत्ता एनएफसीमध्ये आहे का ते बघे आणि नसेल तर ३०१ देऊन एनएफसी रूपाकडे पाठवे. हेतू चांगला, अंमलबजावणी बरोबर.

वर्डप्रेसकडचा नियमही तितकाच चांगला. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा स्लग बदलला की वर्डप्रेस जुना स्लग त्या लेखाच्या नोंदीत जपून ठेवतं. जुन्या पत्त्यावर कोणी आलं आणि तिथे पान सापडलं नाही, तर त्याला ३०१ ने नव्या पत्त्यावर पोचवतं. या लेखांचे स्लग काही काळापूर्वी संपादकीय विभागाने छापील अंकाशी जुळवले होते आणि त्यासाठी शीर्षकं अंकाच्या जुन्या फाइलींच्या नावांवरून उचलली होती. त्या फाइली मॅकवरच्या. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल प्रणाली नावं तोडलेल्या रूपातच साठवते. अशा रीतीने तुटलेला ऱ स्लगमध्ये शिरला आणि जोडलेल्या ऱ चा स्लग 'जुना' ठरला. बाकीचे लेख कीबोर्डवरून टंकलेले, त्यांच्यात ऱ अखंड होता, म्हणून ते उघडत होते.

सीडीएन येण्यापूर्वी यातलं काहीच कुणाला जाणवलं नसतं. जोडलेला पत्ता घेऊन आलेला वाचक एक उडी मारून तुटलेल्या पत्त्यावर पोचत होता आणि लेख वाचत होता. स्क्रिप्ट आली आणि ती त्याला परत फिरवू लागली. पहिल्या दिवसापासून हा लूप होताच, फक्त तेव्हा सगळंच बंद असल्यामुळे दिसला नाही.

दुरुस्ती

स्क्रिप्ट थांबवताच लेख उघडू लागले. खरीप अंक वाचकांच्या हातात होता, तेव्हा हे आधी करणं भाग होतं. पण तेवढ्यावर सोडलं असतं तर तुटलेले स्लग विदागारात (डेटाबेसमध्ये) तसेच राहिले असते आणि पुढे कोणी साइटमॅपची फाइल, शोधयंत्र किंवा दुसरं सीडीएन जोडलं की हाच खेळ पुन्हा सुरू झाला असता.

विदागाराची प्रत काढून घेतली. मग सगळे स्लग उलगडून एनएफसीशी ताडून पाहिले आणि जिथे फरक होता ते बदलले, पण थेट एसक्यूएलने नव्हे, वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-सीएलआय या साधनातून. हा फरक महत्त्वाचा आहे. वर्डप्रेसच्या वाटेने बदल केला की नवा स्लग आधी कधी 'जुना' म्हणून नोंदला असेल तर ती नोंद ते काढून टाकतं आणि आत्ताचा तुटलेला स्लग 'जुना' म्हणून नोंदवतं. नाती आपोआप उलटी होतात. थेट एसक्यूएलने केलं असतं तर जुनी नोंद पडून राहिली असती आणि तुटलेल्या पत्त्यावरच्या माणसाला ४०४ दिसलं असतं.

पुढे असं होऊ नये म्हणून सर्व्हरवर पीएचपीचं 'इंटल' एक्स्टेन्शन चालू करवून घेतलं. वर्डप्रेस ६.१ पासून स्लग जतन करताना एनएफसी करून घेतं, पण त्यासाठी हे एक्स्टेन्शन असावं लागतं. या होस्टिंगवर ते नव्हतं.

कडेवरची स्क्रिप्ट परत चालू केली नाही. तुटलेला पत्ता आला तर आता वर्डप्रेसच त्याला योग्य जागी नेतं. पत्त्याचं अंतिम रूप ठरवणारा एकच असावा, आणि लेखांच्या बाबतीत ती माहिती ज्याच्याकडे आहे तो वर्डप्रेसच. 'शेतकऱ्यां'सारख्या शब्दांतल्या अर्ध्या ऱ् ची आणखी एक तिसरी लेखनपद्धतही जुन्या मजकुरात आढळते: र, मग हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. एनएफसी तिला हातच लावत नाही, म्हणजे स्क्रिप्ट ठेवली असती तरी तिचं काम अपुरंच राहिलं असतं.

शेवटचा प्रश्न वाचकांच्या फोनमधल्या जुन्या ३०१ चा. दुरुस्ती झाली तरी ज्याच्या ब्राउझरने लूपचा ३०१ लक्षात ठेवला त्याला तीच त्रुटी दिसत राहते, आणि दूरून तो सहज पुसता येत नाही. प्रत्येकाला सेटिंग्जमध्ये जाऊन कॅशे पुसायला सांगणं व्यवहार्य नव्हतं. त्याऐवजी शेतकरी गटांच्या व्हॉट्सॲपवर लेखांचे दुवे शेवटी प्रश्नचिन्ह आणि एक छोटा शब्द जोडून पुन्हा पाठवले. ब्राउझरच्या दृष्टीने तो नवा पत्ता, त्याच्यासाठी काहीच लक्षात ठेवलेलं नाही, म्हणून तो थेट सर्व्हरकडे येतो. पुढच्या काही आठवड्यांसाठी सर्व्हरच्या रिडायरेक्टवर 'नो-स्टोअर'ची (हे उत्तर साठवू नका) सूचनाही लावली. रिडायरेक्टचा नवा नियम आधी ३०२, म्हणजे तात्पुरता, म्हणून चालवावा आणि खात्री पटल्यावरच ३०१ करावा, हे मी आता प्रत्येक संकेतस्थळावर पाळायला लावतो.

तपासणीसाठी प्रसिद्ध लेखांचे सगळे पत्ते आणि त्यांच्या जोडीला जुन्या स्लगांचे पत्ते एका फाइलीत काढले, कर्लला जास्तीत जास्त ३ उड्यांची मुभा दिली आणि प्रत्येकाचा शेवटचा क्रमांक व उड्यांची संख्या नोंदवली. छापील अंकांवरचे क्यूआर कोड वेगळे तपासले, कारण कागदावर छापलेला पत्ता आता कोणालाच बदलता येणार नाही. ते सगळे २०० वर पोचले, बहुतेक थेट, काही एका उडीने. हीच यादी आता रोज पहाटे आपोआप तपासली जाते आणि एखादा पत्ता दोनपेक्षा जास्त उड्या मारू लागला तर संपादकांना आणि मला ईमेल जातो.